गाडीचा एसी आणि झालरीचा फ्रॉक

"रविवारी, दुपारी बाराच्या आत. हरेल त्यानं हा झालरीचा गुलाबी फ्रॉक घालायचा आणि भर गल्लीत तीन फेऱ्या मारायच्या!"

"मंजूर! नंतर रडारड नाही चालणार."

खाली टाळी वाजली. दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसलेल्या आबांना पैजेचं शेपूट तेवढं ऐकू आलं. टाळी देणारे दोघे म्हणजे त्यांचे बेचाळीस वर्षांचे चिरंजीव आणि समोरच्या दुकानातला टेलर. दोघंही गल्लीतले नामांकित टवाळ.

"कसली गं पैज?" आबांनी सुनेला विचारलं.

"तुमच्या गाडीचा एसी म्हणे हे स्वतः दुरुस्त करणार," सून भाजी निवडता निवडता म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाहीत."

आबांनी खिडकीतून वाकून गाडीकडे बघितलं.

गाडी साधीसुधी नव्हती. दोन दारांची, जमिनीला पोट घासत पळणारी, शर्यतीच्या जातीची. आबांनी ती भंगारातून उचलली आणि अकरा वर्षं खपून उभी केली. पाच महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, रोज जिना उतरा. आबा म्हणाले, पानाच धरता येत नाही तर खाली जाऊन काय दिवे लावू? तेव्हापासून ते खिडकीत बसले ते बसलेच.

आणि चिरंजीव? टायरमधली हवासुद्धा लाथ मारून तपासणारा माणूस.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं. रेडिएटरमधलं जुनं पाणी काढलं, निम्मं गटारात, निम्मं स्वतःच्या पँटवर. मग नवं कूलंट भसाभस ओतलं आणि टोपण लावून मोकळा.

"अरे, हवा काढ! आत हवा अडकलीय!" आबा ओरडले.

"काय? ऐकू येत नाही, आबा!" चिरंजीवांनी हात हलवला. तेवढ्यात टेलरनं रेडिओ मोठा केला.

आबांनी सुनेला पिटाळलं. ती गेली तशी परत आली.

"म्हणतात, आबांचं ऐकलं तर ती मदत झाली. मग पैज कसली?"

आबा काचेवर डावी मूठ आपटत राहिले. खाली इंजिन तापत होतं आणि वर हे.

रविवारी सकाळी गाडी पुन्हा सुरू झाली. पाच मिनिटांत काटा लाल पट्ट्यात आणि एसीतून भट्टीसारखी हवा. चिरंजीव एसीच्या गॅसचा डबा घेऊन आले.

"गॅस कमी असणार," टेलर गंभीरपणे म्हणाला. आयुष्यभर ज्यानं पंख्याखाली शिलाई केली, तो एसीवर बोलत होता.

"गॅसला काही झालेलं नाही रे गाढवा!" आबांचा आवाज फाटला. "इंजिन तापलं की ही गाडी स्वतःच एसी बंद करते! आधी इंजिन थंड कर!"

कुणी वर बघेना. बॉनेटमधून वाफ निघाली. आणखी एकदा असं तापलं की इंजिनचं हेड वाकणार आणि अकरा वर्षांची मेहनत पुन्हा भंगारात. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या पोराला चार शब्द ऐकवता येत नाहीत, म्हणजे काय माणूस म्हणायचं?

चिरंजीवांनी इंजिन बंद केलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरच्या टोपणावर ठेवलं. आत उकळतं पाणी, दाबाखाली. उघडलं असतं तर तोंड भाजून निघालं असतं.

"हात काढ!"

तो काढेना.

आबा उठले. जिन्याचा कठडा उजवीकडे आणि उजवा हात मेलेला. मग ते सरळ पाठमोरे वळले, डाव्या हातानं कठडा धरला आणि उलटे उतरू लागले. चौतीस पायऱ्या. मध्ये दोनदा बसले.

खाली पोचले तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. चिरंजीव अजून तसेच उभे, हात टोपणावर. आबांनी तो झटकून टाकला. टोपण एव्हाना कोमट झालं होतं.

"हीटर फुल लाव."

"आबा, एसी दुरुस्त करायचाय."

"लाव म्हटलं ना! त्याशिवाय आत अडकलेली हवा निघायची नाही!"

गल्ली खदखदा हसली. आबांनी डाव्या हातात पाना घेतला. तो आधी दोनदा निसटला, मग बसला. वरचा बारका स्क्रू सैल होताच आतून गुडगुड करत बुडबुडे निघाले. ते थांबेपर्यंत आबांनी कूलंट ओतून घेतलं, स्क्रू आवळला. गाडी सुरू झाली. काटा निम्म्यावर चढून थांबला. "आता लाव तुझा एसी." टक्‌ आवाज झाला आणि गार हवेचा झोत आबांच्या घामेजल्या तोंडावर आला.

बाराला पाच कमी होते. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"अरे, माझा हात लागला. तुला मी हरवलं."

"जाऊ द्या हो, आबा," चिरंजीव खाली मान घालून म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते.

"फ्रॉक! फ्रॉक!" गल्ली ओरडायला लागली. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेलर दुकानात गेला, त्यानं शटर ओढून घेतलं. बाराच्या ठोक्याला ते वर गेलं. गुलाबी झालरीचा फ्रॉक स्वतःच्याच ढेरीवर चढवून टेलर गल्लीत उतरला आणि आबांसमोर येऊन थांबला.

"पाच महिने खिडकीतून हलला नाहीत, म्हणून बिनधास्त पैज मारली की म्हातारा काही खाली उतरत नाही. आबा, आणखी वीस मिनिटं दम निघाला नाही का हो तुम्हाला?"