पहिला शब्द

कर्णबधिर मुलांच्या शाळेला एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. त्याने आपलं सगळं क्रिप्टो शाळेला दान केलं होतं. पासवर्डच्या जागी लिहिलं होतं, 'मी बोललेला पहिला शब्द. बाईंना विचारा.'

निवृत्त बाईंना घरून बोलावून आणलं. "त्यात विचारायचं काय!" खुर्चीत टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या. "'बाई' म्हणाला होता. मी अख्खी शाळा डोक्यावर घेतली होती!"

मुख्याध्यापकांनी 'बाई' टाइप केलं. उघडलं नाही. "आता एकदाच जमेल, बाई. चुकलं तर कायमचं कुलूप."

बाईंनी डोळे मिटले. आरशासमोर सहा वर्षांचं ते कार्टं, त्यांच्या ओठांवर नजर खिळवून बसलेलं. ओठांवर 'ब' आणि 'म' अगदी सारखेच दिसतात. 'म' म्हणताना नाक थरथरतं, 'ब'ला नाही, हे कळावं म्हणून त्याचं बोट त्या आपल्या नाकावर ठेवायच्या. तरी त्याचा 'ब' नाकातूनच यायचा. वर्ष गेलं होतं त्यात.

"सरका," त्या म्हणाल्या आणि एका बोटाने टाइप केलं, 'माई'.

उघडलं.

"गधड्या," बाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या, "आणि मी वर्षभर तुझी चूक सुधारत बसले!"