निळं तळं, पांढरी होडी

“तळंच सांगायचं हं,” लेकीच्या वेणीला रिबीन बांधताना हेमांगीनं पुन्हा बजावलं. नळाला पाणी सोडावं तसं वस्तीत रोज सगळ्यांसाठी एकच स्वप्न सोडलं जाई: निळं तळं, पांढरी होडी. वेगळं काही दिसलेल्याला उचलून नेत. आणि इराला तर आभाळात पोहणारे मासे दिसत.

तपासनीस दारात आले, तेव्हा इरानं शहाण्यासारखं सांगितलं, “तळं. होडी.”

त्यांनी वही मिटली. “काल यंत्र बंद होतं, ताई. स्वप्न सोडलंच नव्हतं.”

हेमांगीनं इराला पाठीमागं ओढलं.

“अख्ख्या गल्लीनं तळंच सांगितलंय,” उंबऱ्यावर टेकत ते म्हणाले. “मला तर ते जन्मात दिसलेलं नाही. तुला खरं काय दिसतं गं, पोरी?”

इराच्या आधी हेमांगीच बोलून गेली, “मला दोन चंद्र दिसतात.”