घरचं माणूस

तपासणीच्या आदल्या दिवशी शिंप्याच्या हातून सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. उद्या आतड्यात नळी घालून बघणार होते. बायकोने पोट साफ करायच्या औषधाच्या पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला.

"गार करून, नाक दाबून प्या. खारट लागतं, पण चौथ्या पेल्याला जिभेला कळेनासं होतं. उद्या भूल देताना दहापासून उलटे आकडे मोजायला लावतील. सातच्या खाली कुणी जात नाही, बघा."

"डॉक्टरीण कधी झालीस गं तू?"

"बायकांच्या कानावर सगळं येतं," म्हणत तिने पेला त्याच्या ओठांना लावला.

दुसऱ्या दिवशी तो सातावरच झोपला. जागा झाला तेव्हा उशाशी ती होती, आणि डॉक्टर सांगून गेले होते, आतडं स्वच्छ आहे. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नर्स आली आणि त्याच्या बायकोकडे वळली.



"काकू, मागच्या महिन्यात तुमची हीच तपासणी झाली तेव्हा सोबत शेजारीण होती, म्हणून डॉक्टर काही बोलले नाहीत. आज घरचं माणूस आहे, तर तुमचा रिपोर्ट ऐकूनच जा."