नाव घेण्याआधी

"हाऊ मना आवाज शे," जीवराम म्हणाला. "कोनी इचारं माले?"

रोनकने हसत लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक रिकामी चौकट होती. तिथे मयताचं नाव टाइप करायचं आणि बटण दाबायचं, की जीवरामचा आवाज घोषणा करून मोकळा.

जळगावात कुणी गेलं की ती बातमी भोंग्याच्या रिक्षावरून गल्लोगल्ली फिरते, आणि इतकी वर्षं ती जीवरामच्याच आवाजात फिरत आली होती. साड्यांचे सेल आणि निवडणुकीचा प्रचार मात्र त्याने रोनकच्या स्टुडिओत बसून रेकॉर्ड केला होता. तेच सगळं रोनकने मशीनला खाऊ घातलं होतं.

"रेकॉर्डिंग माझ्या स्टुडिओतलं आहे, जीवरामभाऊ. आवाजाचा काय सातबारा असतो का?"

रोनक तसा वाईट मुलगा नव्हता. आपणही कधी चुकू शकतो, एवढं फक्त त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"जाहिराती कर खुशाल," जीवराम म्हणाला. "पन मयत मशिनले नको. मी डोयाघाई देखाबिगर कोनं नाव लेत नही."

हे खरं होतं. बोलावणं आलं की तो आधी त्या घरी जायचा, मयतासमोर हात जोडून उभा राहायचा आणि मगच रिक्षा बाहेर काढायचा. प्रत्येक चौकात आधी इंजिन बंद करायचा, क्षणभर थांबायचा आणि मग नाव घ्यायचा. गेलेल्या माणसाच्या नावावर फटफट नको, असं त्याचं म्हणणं होतं. मशीनची घोषणा वाजवत फिरणाऱ्या रोनकच्या रिक्षांना एवढी फुरसत नव्हती. त्या धावता धावताच नाव उधळत पुढे जायच्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत रोनकचे वडील प्रकाशचंद बसले होते. कापडबाजारात त्यांचं जुनं दुकान होतं. ते म्हणाले, "आमच्या आईच्या वेळी यांनी दारासमोर इंजिन बंद केलं होतं. तोवर मी धीर धरून होतो. त्या शांततेत मला रडू फुटलं. रोनक, ऐक यांचं."

"दिवाळीनंतर बघू, पप्पा."

प्रकाशचंद जिन्यापर्यंत जीवरामला सोडायला आले. हळूच म्हणाले, "माझ्या वेळी ते मशीन नको हं. तुम्हीच या."

"असं बोलू नका, शेटजी," जीवराम म्हणाला आणि भराभर जिना उतरला.

दिवाळी आली आणि गेली. जीवरामला बोलावणं येईना. नशिराबादला त्याच्या दारात रिक्षा ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तो केळीचे घड वाहायच्या कामाला जाऊ लागला. त्याची बायको शेवंताबाई रोज सकाळी त्या ताडपत्रीवरची धूळ झटकायची, त्याचंच त्याला जास्त लागे. बाजारात कधी आपलाच आवाज कानावर पडला, तर तिथून पळून जावंसं त्याला वाटायचं.

रोनकची ती चौकट कुणालाही मोबाइलवर उघडता यायची. मग एका सकाळी कुणा टवाळाने तिच्यात प्रकाशचंदांचंच नाव टाकलं.

अर्धा बाजार हार घेऊन त्यांच्या घरी पोचला. दार प्रकाशचंदांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र. ते त्या दिवशी खूप हसले. दुसऱ्या दिवशी मात्र हसले नाहीत. त्यांची बायको लाडकुंवर माहेरी होती. कुणीतरी तिला कळवलं आणि ती तिथून रोनकला फोनवर फोन करत राहिली. त्या दिवसापासून तिने धास्तीच घेतली.

"बंद कर हे," प्रकाशचंद म्हणाले.

"नवीन धंद्यात अशी एखादी चूक व्हायचीच, पप्पा. पासवर्ड टाकतो."

पासवर्ड टाकायचा राहून गेला. बाजार मात्र शिकला. भोंग्यातून कुणाचं नाव आलं की लोक शटर ओढण्याआधी एकमेकांकडे बघून विचारू लागले, खरं की मशीनचं?

अशाच एका दुपारी रोनकच्या स्टुडिओत धुळ्याची कामिनी बसली होती. लग्नसमारंभांत निवेदन करणारी, गोड गळ्याची. रोनक तिच्याकडून पानामागून पान वाचून घेत होता. हे कशासाठी, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून रोनकने फोन मुका करून खणात टाकला होता.

एक पान संपलं म्हणून त्याने जरा खिडकी उघडली. लांबून भोंग्याचा आवाज आला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कापडाचे व्यापारी प्रकाशचंद…"

कामिनीचा चेहरा उतरला. "अहो, हे तुमचे वडील ना?"

"पुन्हा कुणीतरी चेष्टा केली. तुम्ही पाणी घ्या."

तो गॅलरीत आला. समोरचा दुकानदार पुना शटर खाली ओढत होता.

"राहू द्या, पुनाभाऊ. मशीन आहे. पप्पा सकाळीच अखिलबरोबर एरंडोलला गेलेत." अखिल त्याचा थोरला भाऊ.

"मशिन शे का?" पुनाने सुस्कारा टाकला. "मी तं घाबरी गऊ." त्याने शटर वर ढकललं. शेजारच्या दुकानदारांनीही आपापली शटरं वर केली. कुणीतरी हसलंसुद्धा.

रोनकने खणातून फोन काढला. आईचे आणि अखिलचे कितीतरी फोन येऊन गेले होते. मागच्या वेळीही आईने असंच केलं होतं. अखिल तर या धंद्यावर आधीपासूनच खार खाऊन होता, त्याचं बोलणं आत्ता कोण ऐकणार? आधी ही रिक्षा कुणाची ते बघू आणि त्या टवाळाला धरू, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि कठड्यावरून खाली वाकला.

रिक्षा वळणावरून बाजारात शिरली. फटफट जवळ येऊ लागली. पुनाने हसत हसत तिला पुढे जाण्याची खूण केली.

रिक्षा पुढे गेली नाही. ती रोनकच्या गॅलरीखाली येऊन थांबली आणि तिचं इंजिन बंद झालं.