आप्पाशेटचे विलायती टायर

आमची हौसाताय बाळंतपणात अडली होती. तिला पावसहून रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यायला अलीमामू मोटर घेऊन दारात आला. मी टायर बघितले नि माझं डोकंच सटकलं.

"जपानी? हे स्वस्तातले वाटेतच फुटतील! आप्पाशेटच्या मोटरला विलायती हायत, मी तीच आणतो."

"आता निघालो तर खाडीवर होडी गावंल रे," मामू म्हणाला.

"तू जा!"

तो दुसरी माणसं भरून गेला. आप्पाशेटची मोटर तासाभराने आली. भाट्याच्या खाडीपर्यंत एकही टायर फुटला नाय.

 

चिखलात रुतलेल्या होडीत बसून होडीवाला म्हणाला, "मामूची माणसं पलीकडे सोडली मघाशीच. आता सांजच्या भरतीलाच."