भुऱ्याचा सोमवार

मंगळवारी सकाळी भुऱ्या अंगणात ओकला आणि छडीचा पहिला फटका गुरम्माच्या पाठीवर बसला.

"काय खायला देलीस त्याला?" ईश्वरप्पानं विचारलं.

"काय बी न्हाई."

"मंग दर मंगळवारी कसं व्हतंय?" दुसरा फटका नवऱ्यानं तिच्या कानशिलावर हाणला.

भुऱ्या त्यांचा पाळलेला कुत्रा. त्याचं तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. पोटावर गांधी उठल्या होत्या आणि खाजवून खाजवून त्यांतून रक्त येत होतं. तो पुन्हा ओकला, पण आता नुसतं पिवळं पाणी पडलं.

ईश्वरप्पा लातूरच्या गंजातला, धान्यबाजारातला आडत्या. स्वतः सोमवार कडक धरायचा आणि कुत्र्यालाही धरायला लावायचा. दिवसभर भुऱ्याला भाकरीचा तुकडा नाही. संध्याकाळी पूजा आटोपली की आपल्या हातानं त्याला शेंगदाण्याचा लाडू भरवायचा. ईश्वरप्पाचं कुत्रंसुद्धा शिवभक्त हाय, असं गंजात लोक म्हणत आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची. काल तर श्रावणी सोमवार होता, म्हणून दोन लाडू.

कुत्रा आजारी पडतो तो कुणीतरी चोरून त्याचा उपास मोडतं आणि देव कोपतो म्हणून, अशी त्याची पक्की समजूत होती. कुणीतरी म्हणजे गुरम्माच, घरात तिसरं होतं कोण. आधी तिनं कुत्र्याला दूध द्यायचं बंद झालं, मग ताक, मग भाताची पेज. आपल्या हातच्या लाडवावर संशय घ्यायचं मात्र त्या शहाण्याच्या मनातही आलं नाही.

गुरम्माला कारण कळलं होतं. मागच्या मंगळवारी तिनं ते सांगूनही पाहिलं. "त्याला दान्याचा लाडू सोसत न्हाई." त्यावर तिच्या तोंडावर तांब्या आला आणि खालचा एक दात गेला. महादेवाच्या उपासाचं अन्न बाधतं म्हणतेस काय, रांडे?

दाताचं तिला काही वाटलं नव्हतं. त्या घरात तिला पाहून शेपूट हलवणारा तेवढा एकच जीव होता आणि तो आज मरायला टेकला होता.

"सलोत्र्याला बोलवा," भिंत धरून उठत ती म्हणाली. "मला मंग मारा."

सलोत्री, म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर, तासाभरानं आला. गोंड्याची रूमी टोपी बाजूला ठेवून त्यानं भुऱ्याचा जबडा उघडला, गळा चाचपला, पोटाला कान लावला.

"सावकार, खाण्यातलं काहीतरी बाधलंय. गळा आतून सुजून राहिला. काय खाल्लं ते कळायला पाहिजे. नाहीतर आज वाचेल, पुढच्या खेपेला नाही."

"उपासाचं खाल्लं. ते कसं बाधंल?" ईश्वरप्पा म्हणाला. "हिनं चोरून काही देलं असंल. हिलाच इचारा."

सलोत्री तिच्याकडे वळला. गुरम्माच्या कानातून रक्त ओघळत होतं. ते त्याला दिसलं. पण निजाम सरकारनं त्याच्याकडे जनावरांचंच खातं दिलं होतं.

"बोला बाई. काय दिलं?"

गुरम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी छडी वाकवत उभा होता. लाडवाचं नाव घेतलं असतं तर त्यानं परक्या माणसासमोर देवाची शपथ घेऊन ते खोटं पाडलं असतं आणि पुढच्या सोमवारी हट्टानं तीन भरवले असते. एवढं ती त्याला ओळखून होती.

"शेंगदाने," ती म्हणाली. "मूठभर. मी देले, चोरून."

ईश्वरप्पाच्या हातातली छडी वाकवता वाकवता थांबली.

"तेच," सलोत्री म्हणाला. "एखाद्या जनावराला शेंगदाणा म्हणजे जहर असतं. भाजलेला असो, कुटलेला असो, लाडवातला असो. यापुढे एक दाणा जरी पोटात गेला तर मला बोलवू नका, खड्डा खणा."

त्यानं सुई टोचली. भुऱ्याचा घरघरता श्वास हळूहळू मोकळा होईपर्यंत तो जवळ बसून राहिला. मग टोपी घालून टांग्यात बसून निघून गेला.

ईश्वरप्पानं दाराला आतून कडी घातली.

एरवी मारताना तो शिव्या द्यायचा. आज छडी नुसती वर जात होती आणि खाली येत होती, दंडांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर. वड्याचं तेल वांग्यावर काढताना माणसाचा हात जास्तच चालतो. लाडू कुणी भरवला हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं आणि कुत्र्यालाही ठाऊक होतं. गुरम्मानं एकदाही हात आडवा धरला नाही.

छडी मोडली तेव्हा तो थांबला. दम लागून उंबऱ्यावर बसला. भुऱ्याला झोप लागली होती आणि त्याच्या तोंडाची सूज उतरायला लागली होती.

"पुन्हा देशील?" त्यानं विचारलं.

गुरम्मानं तोंडातलं रक्त पदरात थुंकलं.

"न्हाई देनार," ती म्हणाली. मग मान वर करून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता तुमी म्हना."