हसरं कार्ड

"बोलू नका. आज जसं वाटतंय, तशा चेहऱ्यावर फक्त बोट ठेवा," मी म्हटलं आणि दवाखान्यातल्या टेबलावर हसऱ्या, रागीट, घाबरलेल्या, रडव्या चेहऱ्यांची कार्डं मांडली. बाबलकाकांनी हसऱ्या कार्डावर बोट ठेवलं. बाकीची त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मला ते खटकलं.

मी कार्डं पिसून पुन्हा मांडली. बोट पुन्हा हसऱ्यावरच. शेजारी त्यांची बायको पदर चावत बसली होती. दिवाळीपासून काका धड जेवत नाहीत, असं तिनंच सांगितलं होतं. उभी हयात दशावतारात राक्षस रंगवलेल्या माणसानं यंदा तोंडाला रंगही लावला नव्हता. पण नट तो नटच. मला फसवणं त्याला काय जड?

"मग हे चेहरे करूनच दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी रागाचा चेहरा केला, तशा मदतीला उभ्या असलेल्या सिस्टर दाराकडे सरकल्या. भीतीचा केला, तर माझ्याच अंगावर काटा आला. हसले, तेव्हा बायकोही हसली. सगळं बिनचूक, म्हणूनच माझा संशय वाढला.

मी रडवेलं कार्ड पुढे केलं. काकांनी ते हलकेच पालथं घातलं.

"ह्यो नको, डॉक्टरबाई. बाकीचे उतरतत. ह्यो एकदा चढलो की उतरूचो नाय."